मोठ्या पातेल्याचे गणित

शाळेच्या आनंदमेळाव्यात ग्रंथालयासाठी किंवा पूरग्रस्तांसाठी निधी जमवायचा म्हटला की खाद्यपदार्थांचे दुकान हमखास लागते. घरी चार माणसांची खिचडी उत्तम करणाऱ्या हातांवर दोनशे जणांची खिचडी सोपवली जाते. साहित्य पन्नास पट घेतले की झाले, असा आपला हिशेब असतो. उष्णता मात्र या हिशेबाने चालत नाही, आणि हे ध्यानात येण्यासाठी बरीच माणसे आजारी पडावी लागली.

१७ मार्च १९१४ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील हॅनफर्ड येथे चर्चचे सार्वजनिक भोजन झाले. त्यातून ९३ जणांना विषमज्वराची लागण झाली. राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेतील विल्बर सॉयर यांनी तपास केला. संशय आला तो स्पॅगेटी या शेवयांसारख्या पदार्थावर. तो करणाऱ्या बाई रोगवाहक होत्या. त्यांच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते. पण पदार्थ तर भट्टीत भाजलेला होता! मग जंतू जगले कसे? सॉयर यांनी प्रयोगशाळेत तसाच मोठा पदार्थ करून, त्यात जंतू मिसळून भाजून पाहिला. वरचा थर तांबूस झाला तरी मध्यभाग कोमटच राहिला आणि तेथील जंतू जिवंत सापडले. भाजण्याने त्यांना मरण नव्हे, ऊब मिळाली होती.

सॉयर त्या बाईंना दोष देऊन थांबले नाहीत, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. रोगवाहक सापडला की प्रकरण मिटले असे मानणे सोपे होते.

यामागचे भौतिकशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे. घट्ट पदार्थात उष्णता वहनाने पसरते, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड, तर वेळ चौपट. पातळ आमटीत प्रवाह निर्माण होऊन उष्णता लवकर पसरते. खिचडी, पुलाव, शिरा यांत तसे होत नाही. तेथे सगळी भिस्त ढवळणाऱ्याच्या दंडावर! आणि जो मध्यभाग उशिरा तापतो, तोच उशिरा निवतो.

या दुसऱ्या बाजूचा उलगडा व्हायला आणखी काही दशके गेली. १९४३ मध्ये इंग्लंडातील लेस्टर येथे शाळेत जेवलेल्या मुलांना विषबाधा झाली. आदल्या दिवशी करून ठेवलेल्या मांसाच्या रश्शाकडे बोट दाखवले गेले. १९५३ मध्ये बेटी हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घटनांचे कोडे सोडवले. क्लॉस्ट्रिडियम वेल्शाय (आजचे नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स) या जंतूचे काही बीजाणू तासभर उकळूनही मरत नाहीत. मोठे भांडे रात्रभर सावकाश निवत असताना ते रुजतात. सुमारे ४५ अंश सेल्सियसला हा जंतू दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. तीन तासांत १८ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २,६२,१४४. मुलांना हा गुणाकार फळ्यावर करायला लावावा.

नॉर्वेचे स्टाइनर हाउगे यांची गोष्ट तर विलक्षण आहे. ऑस्लोत व्हॅनिला सॉसमुळे विषबाधेच्या चार घटना घडल्या होत्या. सॉस आदल्या दिवशी शिजवून, मोठ्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला ठेवलेला असे. त्यात सापडलेला बॅसिलस सिरियस हा जंतू तोवर निरुपद्रवी समजला जाई. हाउगे यांनी तो सॉसमध्ये वाढवला आणि २०० मिलिलिटर सॉस स्वतः प्यायले. तेरा तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब सुरू झाले. (हा प्रयोग कोणीही करू नये, हे सांगायला नकोच.) १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांतल्या परतलेल्या भातात हाच जंतू सापडला. तेथेही भात ढिगाने शिजवून तसाच ठेवला जात असे. भातात तयार होणारे त्याचे वांतीकारक विष पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. आदल्या रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शालेय पोषण आहार वाटण्यापूर्वी शिक्षकाने चव घ्यायची असते. कच्चे राहिलेले, खारट झालेले, आंबलेले अन्न त्यातून कळते. पण अशा जंतूंनी भरलेले अन्न बहुधा वासाला आणि चवीला नेहमीसारखेच असते, आणि त्रास सुरू होतो काही तासांनी. तोवर पंगत उठलेली असते.

मेळाव्याच्या दिवशी एका डेगीऐवजी तीन पातेली तासातासाच्या अंतराने चढवली, तर कोणतेही फार वेळ पडून राहत नाही. वाढेपर्यंत अन्न ६० अंशांच्या वर ठेवावे. पातेल्याखाली मंद आच त्यासाठीच. उरलेले ठेवायचेच असेल, तर परातींत पातळ थर पसरून निववावे आणि लगेच शीतकपाटात ठेवावे. तीस सेंटिमीटर उंच ढिगाऐवजी पाच सेंटिमीटरचा थर केला, तर वहनाने निवण्याचा वेळ ढोबळमानाने छत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. तापमान मोजताना दांडी पातेल्याच्या मध्यापर्यंत खुपसावी, कडेला नव्हे. प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक यासाठी अजिबात वापरू नये. काच फुटली तर सगळे पातेले टाकून द्यावे लागेल. धातूच्या दांडीचा, अंक दाखवणारा तापमापक बाजारात मिळतो, तो घ्यावा.