नारबोद, शीव आणि रिकामा देव्हारा

भंडारा-गोंदिया भागात पोळ्याच्या दिवशी घरांच्या दारांसमोर पळसाच्या फांद्या रोवतात. त्यांना 'मेढे' म्हणतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या करीला, उजाडण्यापूर्वी हे मेढे उपटले जातात आणि गावची पोरे 'नारबोद' शिवेबाहेर नेतात. नारबोद म्हणजे पूतनेचे प्रतीक मानलेला पुतळा. नागपुरात हीच 'मारबत' होते. तिथल्या काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासून आणि पिवळीची 1885 पासून सांगितली जाते. मिरवणुकीत जो गजर चालतो त्यात रोगराई, खोकला, डास, ढेकूण अशी नको असलेल्या गोष्टींची मोठी यादी असते आणि हे सारे घेऊन जा, अशी मारबतीला विनंती असते. नागपूरकरांनी या यादीत महागाई, भ्रष्टाचार आणि पुढारीही घातले व त्यांचे 'बडगे' काढले. खेड्यातली यादी मात्र आजाराची आणि शेताची राहिली.

तुमसरसारख्या भातशेतीच्या मुलखात पावसाळा सरत असताना घर, गोठा आणि गाव झाडून काढण्याचा हा संस्कार आहे, एवढे सांगून लोकसाहित्याचे अभ्यासक बहुधा थांबतात. आम्हांला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शिवेबाहेर टाकलेले जाते कुठे? शीव ही काही जगाची कड नव्हे. तिच्या पलीकडे दुसरे गाव असते. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडीत, आणि पलीकडचे गाव तो आपल्या हद्दीतून आणखी पुढे ढकली. एका गावाची स्वच्छता ही दुसऱ्या गावाची आपत्ती होत असे. शिवाय शिवेच्या अलीकडेही माणसे राहत होतीच. गावाने जे जे बाहेर काढले, मेलेले ढोर असो, अंगावरचे जुने लुगडे असो की शिळे अन्न असो, ते ज्यांच्या वाट्याला यायचे त्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती.

पूर्व विदर्भातील महार समाजाचे चित्र देशावरच्यापेक्षा थोडे वेगळे आहे, हे येथे सांगितले पाहिजे. नागपूर-भंडारा भागात या समाजातील पुष्कळ घरे कापड विणीत. गावकामगार म्हणून कोतवालकी होती, तरी सारा समाज तिच्यावर जगत नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चिखला, डोंगरी बुजुर्ग अशा तुमसर परिसरातील मँगनीजच्या खाणींनी रोख मजुरीची वाट उघडली. गावगाड्याबाहेरचा पैसा, जवळून जाणारा नागपूर-हावडा लोहमार्ग आणि नागपुरातल्या गिरण्या यांनी माणसांना गावाकडे दुरून पाहण्याची सवय लावली. जी गोष्ट टाकायची ती आधी दुरून दिसावी लागते.

नागपूरचे किसन फागुजी बनसोडे हे या दुरून पाहणाऱ्या पहिल्या पिढीतले. 'निराश्रित हिंद नागरिक' (1910), 'विटाळ विध्वंसक' (1913), 'मजूर पत्रिका' (1918) ही त्यांच्या पत्रांची नावेच एक इतिहास सांगतात. मात्र 1931 साली त्यांनी जे पत्र काढले त्याचे नाव 'चोखामेळा' होते. मंदिराबाहेर उभ्या राहिलेल्या संताला त्यांनी अभिमानाचे निशाण केले. घर तेच ठेवून आपली खोली मागण्याची ही भूमिका होती. तिला भाबडेपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ज्यांच्यापाशी लिखित वारसा म्हणून फारसे काहीच नव्हते त्यांच्या हाती तेव्हा चोखोबाच होते.

बाबासाहेब आंबेडकरांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि प्रश्नच बदलला. घोषणा आणि दीक्षा यांच्यात 21 वर्षे गेली. या विलंबाचे राजकीय अर्थ पुष्कळ लावले गेले आहेत. आम्हांला त्यात आवराआवरीचा संथपणा दिसतो. महाडला 1927 साली मेलेली ढोरे ओढणे सोडण्याचा उपदेश झाला होता, मग घोषणा आली, मग सत्ता व संविधान यांचे दशक आले. 1954 साली खुद्द भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात लाखोंच्या समुदायाने बौद्ध धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांतील आरंभीच्या प्रतिज्ञा 'मानणार नाही', 'पूजा करणार नाही' अशा आहेत, हे लक्षात घ्यावे. आधी जागा मोकळी करायची, मग त्रिशरण-पंचशील आत आणायचे. किंबहुना दोन्ही एकाच दिवशी.

त्यानंतर गावोगाव जे घडले त्याची नोंद सरकारी दप्तरांत क्वचितच सापडेल. ती आत्मकथनांत आणि घरोघरच्या आठवणींत आहे. देव्हाऱ्यातील टाक, मूर्ती, शेंदूर लावलेले दगड टोपल्यांत भरून नदीत, ओढ्यात, विहिरीत सोडले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला हे नारबोदीसारखेच दिसले असते: घरातले काही तरी उचलून हद्दीबाहेर नेणे. साम्य तेवढ्यावरच संपते. नारबोद दरवर्षी जाते आणि दरवर्षी परत येते. तिच्या जागी काही नवे येत नाही, पुढच्या पोळ्याला तेच खोकले आणि तेच ढेकूण. शिवाय नारबोद ही परकीच असते, तिला हाकलताना कोणाचे काळीज हलत नाही. टोपलीतले देव परके नव्हते. लेकराच्या तापात रात्र रात्र जागून ज्यांना नवस बोलले ते हे देव होते. आणि त्यांचे न्हाऊमाखू, नैवेद्य, उपास हे सारे बायकांच्या हातचे होते. म्हणजे टाकण्याचा निर्णय सभेत झाला असला, तरी तो अंमलात आणताना ज्यांच्या सवयीचे हात थांबले असतील त्या बहुतेक आज्या होत्या. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये अंगात येणे, पोतराज, यात्रा यांचे जे निर्दय आणि तरीही आतले वर्णन आहे ते वाचल्यावर कळते की या देवांनी बायकांना किती लुबाडले, आणि त्यांच्याशिवाय दुसरे कोणी ऐकणारे तिथे नव्हते. वर्गात धर्मांतराचा धडा शिकवताना हा दुसरा भाग गळतो, आणि तो गळला की त्या कृतीचे धैर्यही अर्धेच दिसते.

मराठी वाचकाला 'अडगळ' हा शब्द आता भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (2010) या शीर्षकाशिवाय ऐकूच येत नाही. शीर्षक अप्रतिम आहे, यात शंका नाही. परंतु अडगळ समृद्ध वाटण्यासाठी माळ्यावर चढण्याचा हक्क लागतो. ज्याचे पूर्वज त्या वाड्याच्या ओसरीवरही चढू शकले नाहीत त्याला तीच अडगळ दाराबाहेरून, आपल्या अंगावर फेकलेली दिसते. नेमाड्यांची कादंबरी आणि 1956 ची टोपली यांत खरे-खोटे ठरवण्याचा हा प्रकार नव्हे. दोघे एकाच घराविषयी बोलत आहेत. उभे राहण्याच्या जागा निराळ्या आहेत.

या आवराआवरीत चोखामेळाही गेला. धर्मांतरानंतरच्या पिढीला पंढरीच्या पायरीशी समाधी असलेला, आपल्या हीनपणाचे कारण पूर्वजन्मात शोधणारा संत नकोसा झाला. ज्याने बनसोड्यांना नाव दिले तो लाचारीचे उदाहरण ठरला. आम्हांला हे स्वाभाविक वाटते. नवे घर लावताना आजोबांची मळकी पगडी खुंटीवर ठेवायला सांगणारे बहुधा त्या घरात राहणारे नसतात. तरीही साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक अडचण येते. चोख्याबरोबर सोयराबाईही गेली, जिने विटाळ देहात असेल तर देह कोणी घडवला असे विचारले. मुलगा कर्ममेळाही गेला, ज्याने आपल्याला या जातीत का घातलेस म्हणून देवालाच जाब विचारला. चौदाव्या शतकातला हा स्वर विसाव्या शतकातील विद्रोहाला अनोळखी नव्हता. एलिनॉर झेलियट यांच्यासारख्या इतिहासकारांनी चोखामेळ्याची परंपरा आंबेडकरी चळवळीच्या संदर्भात पुन्हा वाचली, आणि अलीकडे सोयराबाई व कर्ममेळा यांच्या अभंगांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. आता हे अभंग पूजेचे राहिलेले नाहीत, वाचनाचे झाले आहेत. देव्हारा रिकामा झाल्यामुळेच त्यांना पुस्तकांच्या फळीवर जागा मिळाली असेल का, याचा शोध घ्यायचा तर विदर्भातील 1956 नंतरच्या वस्त्यांमधील भजनी मंडळांपासून सुरुवात करावी लागेल: त्यांच्या वह्यांतील कोणते अभंग पुसले गेले आणि कोणत्या चालींवर भीमगीते बसवली गेली.