आयएलसीए डिंगी (लेझर)

एकट्याने चालवायची, शर्यतीसाठीची छोटी शिडाची होडी. कॅनडाचे नौकारचनाकार ब्रूस कर्बी यांनी 1969 मध्ये तिचे आरेखन केले, इयान ब्रूस यांनी ती बांधली, शीड हान्स फॉग यांनी बेतले आणि 1971 मध्ये ‘लेझर’ या नावाने ती बाजारात आली. आजवर अशा दोन लाखांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या आहेत. 1996 पासून ती ऑलिंपिक शर्यतीत आहे आणि 2008 पासून महिलांच्या शर्यतीतही. आयएलसीए 7, 6 आणि 4 असे तिचे तीन प्रकार सांगितले जातात. मात्र हे तीन होड्यांचे प्रकार आहेत असे मानले तर तिच्या रचनेचे मर्मच निसटते. लांबी 4.2 मीटर, रुंदी जेमतेम 1.4 मीटर, वजन सुमारे 59 किलो असे फायबरग्लासचे होडीचे अंग तिन्हींत तेच असते. सुकाणू तेच, आणि होडी वाऱ्याने आडवी घसरू नये म्हणून मधल्या खाचेतून पाण्यात सोडायची फळीही तीच. बदलते ते शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा.

डोलकाठी दोन तुकड्यांची असते आणि तिला तणावे नसतात. शिडाच्या कडेला शिवलेली लांब खोळ काठीवर चढवली की शीड उभे राहते, त्यामुळे एका माणसाला थोड्या वेळात होडी जुळवता येते. आयएलसीए 7 चे शीड सुमारे 7.06 चौरस मीटर, 6 चे 5.76 आणि 4 चे 4.7. नावांतले आकडे या क्षेत्रफळांवरून ढोबळमानाने घेतलेले आहेत. शीड लहान केले की वाऱ्याच्या दाबाचा मध्य पुढे सरकतो आणि पाण्यातल्या फळीशी असलेला त्याचा तोल बिघडतो. म्हणून आयएलसीए 4 मध्ये काठीचा खालचा तुकडा आखूड तर असतोच, शिवाय तो मुळातच मागे वाकवलेला असतो. सर्वांत लहान शिडातही होडी सुकाणूला नीट ऐकते ती या बाकामुळे. साऱ्या रचनेतला हा सर्वांत सुंदर निर्णय म्हणावा लागेल, कारण अंगाला हात न लावता त्याने होडी एका नव्या वयोगटाला खुली केली.

सर्व होड्या सारख्या ठेवल्या की शर्यत खलाशाच्या कौशल्यावर ठरते, हा या वर्गाचा, म्हणजे एकाच रचनेच्या होड्यांच्या गटाचा, युक्तिवाद. गोठवलेली रचना म्हणजे खुंटलेली रचना, असा यावर पहिला आक्षेप घेतला जातो. या वर्गाच्या नियमांत जे स्पष्टपणे मोकळे ठेवलेले नाही ते सारे निषिद्ध असते हे खरे. तरीही शीड ताणण्याच्या दोऱ्यांची मांडणी सुधारली, शिडाचे नवे कापीव रूप आले, ॲल्युमिनियमच्या वरच्या काठीची जागा संमिश्र तंतूंच्या काठीने घेतली. सुधारणा होतात, पण सर्वांना एकदम मिळतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सारख्या होड्या प्रत्यक्षात सारख्या राहत नाहीत. वापरलेले अंग कालांतराने मऊ पडते, शिडाचे कापड ढिले होते आणि दरवर्षी नवे शीड घेऊ शकणारा पुढे जातो. क्लबाच्या शर्यतीत हा दोष टळत नाही. ऑलिंपिकमध्ये आयोजकच होड्या पुरवतात, तिथे तो बराच दूर होतो. तिसरा मुद्दा मक्तेदारीचा. 2019 मध्ये वर्गसंघटना आणि एक मोठा उत्पादक यांच्यात फूट पडली. ‘लेझर’ या नावाचे व्यापारी हक्क संघटनेकडे नसल्याने त्याच वर्षी तिला होडीचे नाव बदलून ‘आयएलसीए’ ठेवावे लागले. नाव गेले, पण मोजमापे आणि नियमांची पोथी शाबूत राहिली. एका कारखान्यावर अवलंबून राहण्याचा धोका या प्रकरणाने दाखवला आणि रचना त्या कारखान्याहून टिकाऊ आहे हेही त्यातच दिसले.

बंगळूरच्या संदर्भात या युक्तिवादाला आणखी एक बाजू मिळते. तिथल्या हलसूर तलावावर मद्रास इंजिनिअर ग्रुप या लष्करी केंद्राची शिडाच्या होड्यांची परंपरा आहे आणि तृष्णा सेलिंग क्लबही तिथलाच. शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच असल्याने तिथली हवा किनाऱ्यापेक्षा जवळपास एक दशांशाने विरळ असते. म्हणजे त्याच वेगाचा वारा शिडावर तेवढाच कमी दाब देतो. भोवतालच्या झाडा-इमारतींमुळे तो तुटक होतो, सारखी दिशा बदलतो. अशा पाण्यात कोणता खलाशी वारा नीट ओळखतो हे पाहायचे, तर होडीचा फरक आड येता कामा नये. वजनाचा फरक मात्र येतोच: आयएलसीए 7 ला साधारण 80 किलोचा खलाशी लागतो, 6 ला 60 ते 70 किलोचा, 4 ला त्याहून हलका. हलक्या मुलाला मोठे शीड पेलत नाही. तीन शिडांची सोय ही त्यावरची अर्धी तोड आहे, कारण दोन गटांच्या मध्ये पडणाऱ्याला कुठेतरी तडजोड करावीच लागते.

तरी निकाल रचनेच्या बाजूने बोलतात. मद्रास इंजिनिअर ग्रुपचे विष्णू सरवणन आयएलसीए 7 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये विसावे आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये अठरावे आले. 2023 मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. त्याच स्पर्धेत मध्य प्रदेशच्या नेहा ठाकूर यांनी मुलींच्या आयएलसीए 4 मध्ये रौप्यपदक जिंकले. दोघांचे गट वेगळे, शिडे वेगळी, पण पायाखालचे 4.2 मीटरचे अंग एकच होते.