आरशाच्या तिरिपेपासून लेसरच्या किरणापर्यंत



जतच्या माळावर आरसा धरून दूरच्या भिंतीवर कवडसा नाचविण्याचा खेळ मुलें पिढ्यान् पिढ्या खेळत आलीं आहेत. या खेळाला शास्त्राची जोड मिळाल्यावर काय घडलें, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

१८६९ सालीं इराणी आखाताच्या तारखात्यांतील हेन्री मान्स या अधिकाऱ्यानें कराची येथें हेलिओग्राफ हें यंत्र सिद्ध केलें. कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. कळ दाबून आरसा किंचित् कलविला कीं दूरच्या ठाण्यावर तिरीप चमके, आणि लांब व आंखूड तिरिपांनीं मोर्सच्या लिपींतील अक्षरें बनत. १८७८ ते १८८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धांत इंग्रजी फौजेनें या यंत्राचा उपयोग केला. त्यास ना खांब लागत, ना तारा. त्यामुळें शत्रूला तोडण्यासारखें कांहींच नसे. मात्र सूर्य ढगाआड गेला कीं यंत्र मुकें होई.

१८८० सालीं ग्राहम बेल यानें अमेरिकेंत सूर्यकिरणावरून मनुष्यवाणी सुमारें २१३ मीटर दूर पोहोंचविली. पण सूर्याचा प्रकाश नाना रंगांचा व लौकर पसरणारा. एकाच रंगाचा, जणूं एका तालांत चालणारा किरण १९६० सालीं मेमन यानें प्रथम निर्माण केला, तोच लेसर. त्यानंतर पांचसहा वर्षांच्या आंतच ट्रॉम्बेच्या अणुशक्ति-केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं स्वतः अर्धवाहकाचा लेसर बनवून त्याच्या किरणावरून ट्रॉम्बे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्यें सुमारें २० किलोमीटरांवर बोलणें पोहोंचविलें. हें कार्य आपल्याच मुंबईंत झालें, याचें स्मरण आपणांस असावयास पाहिजे.

आतां अंतराळाकडे वळूं. १३ ऑक्टोबर २०२३ रोजीं अमेरिकेनें ‘सायकी’ नांवाचें यान एका लघुग्रहाकडे धाडलें. त्याचा नित्याचा व्यवहार रेडिओलहरींनींच चालतो. लेसरचें यंत्र प्रयोगादाखल बसविलें होतें. ११ डिसेंबर रोजीं यान ३ कोटि १० लाख किलोमीटरांवर असतां त्यानें एका मांजराचें १५ सेकंदांचें चलच्चित्र लेसरनें धाडलें. तें पृथ्वीवर येण्यास १०१ सेकंद लागले. पालोमार पर्वतावरील पांच मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें तें टिपलें. पुढें जुलै २०२४ मध्यें हा संबंध ४६ कोटि किलोमीटरांवरही साधला.

यांतील खरी अडचण नेम धरण्याची. पृथ्वी सेकंदाला सुमारें ३० किलोमीटर धांवते. म्हणजे त्या १०१ सेकंदांत ती तीन हजार किलोमीटर पुढें सरकते. म्हणून ती दिसते तेथें नव्हे, तर किरण पोहोंचेल तेव्हां जेथें असेल तेथें नेम धरावा लागतो. प्रथम पृथ्वीवरून एक मार्गदर्शक किरण सोडतात. तो सांपडल्यावर यान आपला किरण त्या रोखानें वळवितें. हेलिओग्राफचे सैनिकही आधीं समोरच्या ठाण्याची तिरीप शोधीत.

एवढा खटाटोप कशासाठीं? लेसरच्या लहरी रेडिओच्या लहरींहून अतिशय आंखूड. त्यामुळें किरण कमी पसरतो व तेवढ्याच वेळांत दहापासून शंभर पटींपर्यंत अधिक मजकूर नेतां येतो. उद्यां मनुष्य मंगळावर उतरला, तर त्याच्या प्रकृतीचीं व यंत्रांचीं चित्रें कळणें हा त्याच्या प्राणाचा प्रश्न ठरेल.

पण मान्सचा जुना वैरी अद्याप जिंकला गेलेला नाहीं. लेसरलाही ढग आडवा येतो! यास्तव ग्रहणस्थानें एकमेकांपासून दूर, कोरड्या प्रदेशांत वसवावीं लागतात, आणि रेडिओची सोबत सोडतां येत नाहीं. आमच्या जतकडे लोक ढगासाठीं आकाशाकडे डोळे लावून बसतात. हे शास्त्रज्ञ तो येऊं नये म्हणून.