परदेशात शिकायला जाताना ‘होस्ट फॅमिली’ : पेडणे, डिचोली, दोडामार्गच्या पालकांनी आधी काय विचारावं?

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि आमच्या पेडण्याच्या माणसाला परदेश एकदम शेजारच्या गावासारखा वाटू लागला. पूर्वी दाबोळी गाठायची म्हणजे पहाटे उठून मांडवी आणि झुवारी दोन्ही ओलांडायच्या. आता बांदा, पत्रादेवी, दोडामार्ग, डिचोली कुठनंही निघा, तास-सव्वा तासात पोचता. ऑगस्टमध्ये तिथे उभं राहिलं की दोन मोठ्या बॅगा, एक मूल आणि निरोप द्यायला आलेली सात-आठ माणसं असं चित्र हमखास दिसतं. कोर्स कुठला, फी किती, कर्ज किती हे सगळं गावाला पाठ असतं. ‘रवतलो खंय?’ हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी येतो. उत्तर येतं, ‘होस्ट फॅमिलीकडे.’ ती कोण, तिला पैसे द्यायचे की नाही, काही बिनसलं तर कोणाला फोन करायचा, हे विचारलं की घरातले एकमेकांकडे बघतात.

होस्ट फॅमिली हा एकच शब्द असला तरी त्याच्या पोटात तीन वेगळे व्यवहार आहेत. ते एकमेकांत मिसळले की भानगडी होतात, म्हणून आधी ते सुटे करून घेऊ.

पैसे न घेणारं घर

पहिला प्रकार शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीचा. रोटरीचा ‘यूथ एक्स्चेंज’ हा त्यातला आपल्याकडे जास्त माहीत असलेला. गोवा, बेळगाव, सिंधुदुर्ग, कोल्हापूर हा पट्टा रोटरीच्या ३१७० या डिस्ट्रिक्टमध्ये येतो, म्हणजे सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही मुलांसाठी दार एकच. वय साधारण १५ ते १८, मुदत एक शालेय वर्ष. वर्षभरात मूल बहुधा एकाहून जास्त कुटुंबांत राहतं. ही कुटुंबं राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. बदल्यात बऱ्याचदा तिकडचं एखादं मूल आपल्याकडे राहायला येतं, ही गोष्ट फॉर्म भरताना पालकांच्या नीट लक्षात येत नाही. आपल्या घरात सहा फुटी पोरगा चार महिने राहायला येईल, त्याला उकड्या तांदळाचा भात चालेल का, हे आजीला आधी विचारलेलं बरं.

दुसरी जुनी संस्था एएफएस. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांसाठी रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही संघटना. १९४७ पासून ती शाळकरी मुलांना दुसऱ्या देशातल्या कुटुंबात पाठवू लागली. ज्यांनी युद्ध पाहिलं त्यांनीच हे काम सुरू केलं, आणि म्हणूनच यात कुटुंब केंद्रस्थानी आहे. शाळा त्यानंतर येते.

अमेरिकेत अशा ‘जे-१’ विद्यार्थ्यांसाठी सरकारी नियम कडक आहेत आणि ते पालकांना माहीत असायला हवेत. वय १५ ते साडेअठरा. यजमान कुटुंबाला मोबदला देता येत नाही. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची गुन्हेगारी नोंद तपासावी लागते आणि कोणीतरी प्रत्यक्ष घर पाहून यावं लागतं. मूल आपल्या देशातून निघण्याआधी त्याचं घर ठरलेलं असावं लागतं. संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीने दर महिन्याला मुलाशी आणि कुटुंबाशी संपर्क ठेवायचा असतो. ‘घर तिकडे पोचल्यावर सांगू’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. जाता जाता, आमच्या कॉमर्सच्या सवयीने सांगतो: अशा कुटुंबाला मिळतं काय, तर अटी पाळल्यास महिन्याला ५० डॉलरपर्यंत करातली वजावट. एवढ्यासाठी कोणी पोर सांभाळत नाही. म्हणजे ते खरोखरच हौसेने ठेवतात, आणि आपल्या मुलाने तिथे हॉटेलात राहिल्यासारखं वागणं त्यांना म्हणूनच लागतं.

पैसे घेणारं घर

कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथे ‘होमस्टे’ म्हणतात तो हा दुसरा प्रकार. महिन्याचे ठरलेले पैसे, एक खोली, ठरलेली जेवणं. आपल्याकडच्या पेइंग गेस्टचाच भाऊ. इथे आईची माया मिळाली तर नशीब, पण ती करारात नसते. करारात काय आहे ते वाचा: जेवण दिवसातून दोनदा की तीनदा, शनिवार-रविवार धरून की वगळून, सुटीत मूल भारतात आलं तर पैसे चालू की बंद, घर सोडायची नोटीस किती दिवसांची, अनामत कधी परत.

मूल अज्ञान असेल तर मामला आणखी वेगळा. कॅनडात १७ पेक्षा लहान विद्यार्थ्याला तिथला ‘कस्टोडियन’ लागतो. त्याची कागदपत्रं तिकडे आणि इकडे नोटरीसमोर करावी लागतात. कस्टोडियन आणि घरमालक एकच माणूस असेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात १८ च्या आतल्या मुलाच्या राहण्याची आणि देखभालीची जबाबदारी शाळा घेत असेल तर ती तसं लेखी पत्र देते आणि व्हिसा त्यावर अवलंबून असतो. शाळेला न विचारता घर बदललं तर व्हिसाच धोक्यात. ब्रिटनमध्ये १६ च्या आतलं मूल जवळचे नातेवाईक नसलेल्यांकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर स्थानिक कौन्सिलला कळवावं लागतं. ‘आमचे गाववाले आहेत लंडनला, त्यांच्याकडे ठेवू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गाववाला हा तिथल्या कायद्यात नातेवाईक होत नाही.

‘ओ पेअर’ म्हणजे शिक्षण नव्हे

तिसऱ्या प्रकाराबद्दल जरा स्पष्ट लिहितो, कारण जर्मन शिकणारी मुलं आपल्याकडे वाढली आहेत आणि काही एजंट हा प्रकार ‘जर्मनीत राहून शिक्षण’ म्हणून विकतात. ओ पेअर म्हणजे जर्मन कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, हलकं घरकाम करायचं. आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. बदल्यात खोली, जेवण आणि महिन्याला २८० युरो हातखर्च. अर्ज करताना वय २७ च्या आत, जर्मन किमान ए-१ पातळीचं, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. भाषा सुधारायला उत्तम. पण यातून पदवी मिळत नाही, आणि कुटुंब भाड्याने ठेवत नसून कामाला ठेवत असतं. मुलीला पाठवताना हे तिला आणि स्वतःला नीट सांगा. ३० तासांचे ५० तास होऊ लागले तर नाही म्हणायचा हक्क तिला आहे, हेही सांगा.

जर्मनीत विद्यार्थी म्हणूनच जायचं तर हिशेब वेगळा. वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. युरो शंभराला धरला तर बारा लाखांच्या घरात. कुटुंबाकडे राहा नाहीतर हॉस्टेलवर, घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. असं पत्र द्यायला का-कू करणारं घर घेऊ नये.

आपल्याला हे नवीन नाही

आमच्या भागातल्या ऐंशी ओलांडलेल्या माणसांना विचारा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पेडण्याच्या मुलाला सावंतवाडी हाच परदेश होता. डिचोलीच्या मुलाला बेळगाव. शेतं एकमेकांना लागून, सोयरिकी दोन्हीकडे, पण मधे पोर्तुगीजांचा नाका. १९५४-५५ च्या नाकेबंदीनंतर तर ये-जा फारच अवघड झाली. तरी मराठी-इंग्रजी शाळेसाठी मुलं पलीकडे जात. राहात कुठे? मावशीकडे, आत्याच्या दिराकडे, ओळखीच्या दुकानदाराच्या माडीवर. ज्यांचं कोणीच नसे ते वार लावून जेवत: सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. विहिरीचं पाणी काढून दे, लहान मुलांचा अभ्यास घे, दुकानात बस, अशी फेड न सांगता होत असे.

आणि सातासमुद्रापारचं म्हणाल तर मराठी माणसाला डॉ. आनंदीबाई जोशींचंच उदाहरण आठवतं. गोपाळरावांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई त्यांच्या घरी उतरल्या तेव्हा दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण दोन-तीन वर्षांची पत्रं झाली होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. त्या घरात त्यांचं शाकाहारी जेवण सांभाळलं गेलं. पुढे कॉलेजसाठी फिलाडेल्फियाला राहावं लागलं तिथे थंडी आणि आहाराची आबाळ यांनी प्रकृती ढासळत गेली. १८८६ मध्ये एम.डी. झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवली गेली आणि पोकीप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. यजमान घराशी नातं कुठवर जाऊ शकतं ते यातून दिसतं. आधी झालेल्या पत्रव्यवहाराचं मोलही दिसतं. आज व्हिडिओ कॉल फुकट आहे. निघण्याआधी त्या कुटुंबाशी तीन-चार वेळा बोला. आईनेही बोलावं, इंग्रजी मोडकं असलं तरी.

तक्रार न करणारी मुलं

माझ्या मते खरी काळजी इथे आहे. आपण मुलांना शिकवतो, दुसऱ्याच्या घरी हट्ट करू नये, वाढलेलं मुकाट खावं, लोकांना त्रास देऊ नये. संस्कार चांगलाच आहे. पण मी स्वतः बी.कॉम.ला बेळगावात एका घरी पैसे देऊन राहिलो होतो आणि पहिले दोन महिने रात्री अर्धपोटी झोपलो, कारण तिसरी पोळी मागायची लाज. आम्ही भाताची माणसं, तिथे भात चमचाभर. त्या बाईंना कळलं तेव्हा त्याच माझ्यावर रागावल्या, ‘तोंड नव्हतं का तुला?’ तिथे मराठी बोलणारं घर होतं म्हणून निभावलं. ओंटारियोत किंवा ओहायोत ते कोणी ओळखणार नाही. तिकडे ‘अजून हवं का’ एकदाच विचारतात. नाही म्हटलं की नाहीच धरतात, आग्रह होत नाही.

भुकेचं निदान फोनवर कळतं. दाराला कडी नाही, घरातला कोणी रात्री खोलीत येतो, पासपोर्ट ‘सांभाळायला’ काढून घेतलाय, हे मूल सांगत नाही, कारण आईबाबांनी कर्ज काढलंय. म्हणून निघण्याआधीच शब्द द्या: घर बदलावं लागलं तर ती नामुष्की नाही, पैसे बुडाले तरी चालतील. पासपोर्ट नेहमी स्वतःकडे. कुटुंबाशिवाय वेगळ्या माणसाचा नंबर (शाळेचा, स्थानिक प्रतिनिधीचा किंवा कस्टोडियनचा) मुलाच्या फोनमध्ये आणि इकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे. कुटुंब बदलून देण्याची पद्धत काय, हे संस्थेला पैसे भरण्याआधी लेखी विचारा. चांगली संस्था या प्रश्नाने चिडत नाही.

कागद आणि पैसे

सीमेवरच्या घरांची एक खास अडचण. दोडामार्ग-बांद्याकडची कितीतरी मुलं बांबोळीच्या गोमेकॉत जन्मलेली, म्हणजे जन्मदाखला गोव्याचा, शाळा महाराष्ट्राची. उलटही असतं. परदेशासाठी कागद प्रमाणित करायचा तर तो ज्या राज्याने दिला त्या राज्याची साखळी लागते, मग केंद्राचं अपोस्टिल. दोन राज्यांच्या दोन फेऱ्या धरून चाला, आणि दोन्हीकडच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधी जुळवा. गोवा सरकारच्या शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, पण तिला गोव्याच्या रहिवासाची अट आहे. पलीकडच्यांनी बँकेचाच रस्ता धरावा. वर्षाला १० लाखांवर रक्कम बाहेर पाठवली तर टीसीएस कापतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवली तर नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्रात मिळतो, पावती जपा.

पिशवीत काय

यजमानांसाठी सावंतवाडीची लाकडी फळं किंवा गंजिफा न्या. फुटत नाही, वजन कमी, आणि गावाबद्दल बोलायला विषय मिळतो. काजू देण्याआधी घरात कोणाला ॲलर्जी आहे का विचारा. आमसुलं, लोणचं, सुकी सुंगटं नेत असाल तर ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर फॉर्मवर लिहावंच लागतं, लपवलं तर दंड. सुक्या मासळीच्या वासाबद्दल मी वेगळं सांगत नाही. फोडणी देण्याआधी घरच्यांना विचारायला सांगा, कारण तिकडच्या घरात धूर ओळखणारा भोंगा असतो. जर्मनीत रात्री दहानंतर आवाज नको, रविवारीही नको, आणि कचरा वेगवेगळ्या डब्यांत.

फोन दर दोन तासांनी करू नका. चवथ नेमकी शाळा सुरू झाल्यावर येते. आपली आरती संध्याकाळी साडेसातला असेल तर जर्मनीत तेव्हा चार वाजलेले असतात, मूल शाळेतून नुकतं परतलेलं. टोरांटोत सकाळचे दहा, भर वर्गात. तिथल्या मुलासाठी आरतीचा व्हिडिओ काढून ठेवा आणि रात्री झोपण्याआधी पाठवा, म्हणजे शाळा सुटली की तो यजमानांबरोबर बसून पाहील.