मॅग्नस हिर्शफेल्ड : विज्ञान आणि न्याय
पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ विरुद्ध बर्लिनचे डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १८९७ मध्ये समिती स्थापन केली. ही प्रवृत्ती उपजत असल्याने तिला शिक्षा देणे अन्याय्य होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा युक्तिवाद दुधारी होता. विरोधकांना तिला उपजत दोषही म्हणता येत होते. १९१९ मध्ये त्यांनी लैंगिकताविज्ञान संस्था उभारली. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली व चार दिवसांनी तिचे ग्रंथ जाळण्यात आले. परदेशात असलेल्या हिर्शफेल्ड यांनी ते दहन पॅरिसमधील चित्रपटगृहात, वृत्तपटात पाहिले. १४ मे १९३५ रोजी नीस येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात कलम १७५ अधिक कठोर करण्यात आले. ते पूर्णतः रद्द होण्यास १९९४ साल उजाडले.