योगासनांची नावे आणि त्यांमागील पुराणकथा

वीरभद्र, मत्स्येंद्र, हनुमान, अष्टावक्र, भरद्वाज, वसिष्ठ. योगासनांची यादी वाचू लागले, की पुराणांतील नामावळीच समोर येते. प्राणी, पक्षी, वृक्ष आणि नांगर किंवा धनुष्य यांसारख्या वस्तूंवरून पडलेली नावेही पुष्कळ आहेत. परंतु देव, ऋषी आणि सिद्ध यांच्या नावांची आसने अभ्यासकाचे लक्ष अधिक वेधून घेतात. नाव पुराणातले, म्हणजे आसनही तितकेच पुरातन, असे अनेकदा गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत सुमारे १९५ सूत्रे आहेत. त्यांपैकी आसनाविषयीची केवळ तीन. बैठक स्थिर आणि सुखकर असावी, एवढीच त्यांची मुख्य अपेक्षा असून एकाही आसनाचे नाव तेथे आलेले नाही. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांच्या 'हठयोगप्रदीपिका' या ग्रंथात १५ आसनांचे वर्णन आढळते. 'घेरंडसंहिता' हा त्यानंतरचा ग्रंथ ३२ आसने सांगतो. जितके जीव तितकी आसने, त्यांची संख्या ८४ लक्ष, त्यांतील ८४ श्रेष्ठ आणि मर्त्यलोकी ३२ उपयुक्त, असा हिशेब त्यात मांडलेला आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची कल्पना मराठी वाचकाला परिचित आहेच. आसनांची संख्या त्याच कल्पनेशी जोडली गेली. १७३७ मध्ये जयतरामांनी लिहिलेल्या 'जोगप्रदीपका'त प्रत्यक्ष ८४ आसनांची वर्णने आहेत, तर जोधपूर येथील महामंदिर या नाथपंथीय मंदिराच्या भिंतींवर ती रंगविलेली आहेत.

मत्स्येंद्रासन

कथा आणि आसन या दोहोंना जुना आधार असलेले हे एक उदाहरण. भगवान शंकर पार्वतीला योगाचा उपदेश करीत असताना पाण्यातील एका माशाच्या उदरात असलेल्या जीवाने तो ऐकला आणि तोच पुढे मत्स्येंद्रनाथ झाला, अशी कथा आहे. प्रांताप्रांतात तिचे तपशील बदलतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः धुंडीसुत मालू यांच्या 'नवनाथ भक्तिसार' या ग्रंथातून घरोघरी पोहोचली. मत्स्येंद्रनाथांचे शिष्य गोरक्षनाथ, त्यांचे गहिनीनाथ, त्यांचे निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांचे ज्ञानेश्वर ही परंपरा सर्वश्रुत आहे. म्हणजे वारकरी संप्रदायाचा एक धागा थेट या आसनाच्या नावापर्यंत जातो.

स्वात्मारामांनी वर्णिलेले पूर्ण मत्स्येंद्रासन कठीण आहे. म्हणून आज बहुतेक ठिकाणी अर्धमत्स्येंद्रासन शिकविले जाते. त्यात पाठीच्या कण्याला पीळ दिला जातो, आणि नवशिका अभ्यासक हमखास हाताच्या जोराने शरीर ओढू पाहतो. श्वास घेताना कणा उंचवावा आणि सोडताना वळावे, हा क्रम अंगवळणी पडला की ओढाताण आपोआप थांबते. कथेतील माशाने उपदेश निश्चल राहून ऐकला होता, याची आठवण शिक्षक येथे करून देतात.

वीरभद्रासन

दक्षाने यज्ञ केला, त्यात शंकरांना निमंत्रण दिले नाही, सतीने अपमान सहन न होऊन देहत्याग केला. ही वार्ता कळताच शंकरांनी आपली जटा उपटून आपटली आणि तिच्यातून वीरभद्र प्रकट झाला. त्याने यज्ञाचा विध्वंस करून दक्षाचा शिरच्छेद केला. पुढे दक्षाला बोकडाचे मस्तक लावण्यात आले. या आसनाच्या तीन प्रकारांत वीरभद्राचे प्रकट होणे, शत्रूवर दृष्टी रोखणे आणि प्रहार करणे अशा तीन अवस्था असल्याचे काही शिक्षक सांगतात. अर्थ सुंदर आहे, पण तो आधुनिक आहे. हठयोगाच्या वर उल्लेखिलेल्या जुन्या ग्रंथांत वीरभद्रासन नाही. म्हैसूरचे टी. कृष्णम्माचार्य (१८८८ ते १९८९) आणि त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतून ते विसाव्या शतकात जगभर पसरले. यामुळे आसनाची उपयुक्तता कमी होत नाही. मात्र ते हजारो वर्षांपूर्वीचे आहे, असे सांगणे टाळलेले बरे.

पाय रोवून उभे राहिल्यावर पुढचा गुडघा आतल्या बाजूला झुकतो, ही येथील नेहमीची चूक होय. गुडघा घोट्याच्या रेषेत ठेवला आणि मागची टाच जमिनीवर दाबून धरली, तर मांड्या थरथरल्या तरी गुडघ्याला इजा होत नाही. आवेशाच्या भरात श्वास रोखला जातो, तिकडेही लक्ष द्यावे लागते.

हनुमानासन

एक पाय पुढे आणि एक मागे पूर्ण पसरून जमिनीवर बसण्याचे हे आसन हनुमंताच्या उड्डाणाचे स्मरण करून देते. सागर ओलांडून लंकेला जाणे आणि लक्ष्मणासाठी औषधींचा पर्वत आणणे, या दोन्ही प्रसंगांशी ते जोडले जाते. त्याची दुसरी बाजू अय्यंगारांच्या चरित्रात दिसते. १९१८ मध्ये जन्मलेले अय्यंगार बालपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी जर्जर झाले होते. कृष्णम्माचार्य हे त्यांचे मेहुणे आणि गुरू. तरुण वयात, या आसनाची तयारी नसताना, गुरूंच्या आज्ञेवरून पाहुण्यांसमोर त्यांना ते करून दाखवावे लागले. मांडीच्या मागील स्नायूंना गंभीर दुखापत झाली आणि बरे होण्यास दीर्घकाळ लागला, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे.

अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. दोर, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या यांचा आधार देऊन आजारी आणि वयस्क माणसांनाही आसने करता यावीत, अशी पद्धत त्यांनी विकसित केली. पुण्यातील त्यांची संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. हनुमानासनात कमरेखाली वीट किंवा घडी घातलेली घोंगडी ठेवण्याची रीत आज सर्वत्र दिसते. ज्याला जमीन गाठायची घाई आहे, त्याने हे आसन करूच नये. मांडीच्या मागे, बैठकीच्या हाडाजवळ टोचल्यासारखी वेदना जाणवली तर ती ताण नव्हे, इजेची सूचना समजावी.

वृक्षासन

एका पायावर उभे राहून केलेल्या तपाच्या कथा पुराणांत विपुल आहेत. गंगा पृथ्वीवर आणणारा भगीरथ आणि पाशुपतास्त्रासाठी तप करणारा अर्जुन ही त्यांतील प्रमुख नावे. तमिळनाडूतील महाबलीपुरम येथे पल्लवकालीन, सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटावर असाच एक तपस्वी कोरलेला आहे. तो भगीरथ की अर्जुन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच पटावर खालच्या बाजूला एक मांजर मागील पायांवर उभे राहून, पुढचे पाय वर करून तपश्चर्या करीत आहे आणि भोवती उंदीर निर्धास्त वावरत आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात अशा ढोंगी मांजराची कथा येते. तपस्व्याची मुद्रा आणि तिची नक्कल एकाच दगडात कोरणाऱ्या शिल्पकाराची विनोदबुद्धी दाद देण्याजोगी आहे.

वृक्षासनात तोल टिकतो तो पायापेक्षा दृष्टीमुळे. समोरच्या एका स्थिर बिंदूवर नजर ठेवावी. शेजारच्याकडे पाहिले की तोल गेलाच. तळवा मांडीला लावावा, गुडघ्याच्या सांध्यावर टेकवू नये. वयस्करांनी भिंतीजवळ उभे राहणे श्रेयस्कर.

अष्टावक्रासनाची कथाही महाभारतातीलच, वनपर्वातील. वडिलांच्या वेदपठणातील दोष गर्भातूनच दाखविल्यामुळे त्यांच्या शापाने आठ ठिकाणी वाकडा जन्मलेला अष्टावक्र जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला वादात जिंकतो. ज्या ऋषीचे शरीर सरळ नव्हते, त्याच्या नावाचे आसन हातांवर सारे शरीर तोलण्याइतके अवघड असावे, हा योगायोग लक्षात राहतो. मयूरासनाने कालकूट विषही पचते, असे 'हठयोगप्रदीपिका' म्हणते. समुद्रमंथनाचा हा संदर्भ अलंकारिक समजावा. उच्च रक्तदाब, अंतर्गळ किंवा मनगटाचे विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी हे आसन करू नये.

जुने ग्रंथ वाचून अभ्यास करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. एकाच नावाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी आसने ओळखली गेली आहेत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनापूर्वी ज्या बैठकीला वज्रासन म्हटले आहे, ती टाचेने शिवणीवर दाब देऊन बसण्याची, सिद्धासनाशी जुळणारी बैठक आहे. 'हठयोगप्रदीपिका'ही सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात, अशी नोंद करते. जेवणानंतर गुडघे दुमडून टाचांवर बसण्याचा सल्ला ज्या वज्रासनाबाबत दिला जातो, ते निराळे.