मंद्रूपहून मुंबई किती दूर?

मुंबई आणि सोलापूर यांमधील अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजलें, तर तें सुमारें ३६० किलोमीटर भरतें. लोहमार्गानें तेंच ४५५ किलोमीटर होतें. विमानाच्या वाटेंत सह्याद्रि आडवा येत नाहीं. आगगाडीला मात्र त्याच्या कलानें वळसे घ्यावे लागतात. परंतु प्रवासास लागणारा वेळ केवळ या आंकड्यांवरून ठरत नाहीं, हें सोलापूरच्याच इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

आगगाडी सोलापुरास पोंचली १८६० सालीं. त्या वेळीं बोरघाटांतील काम पुरें झालेलें नव्हतें. मुंबईचा उतारू खोपोलीस गाडी सोडी, पालखी, तट्टू किंवा छकडा करून खंडाळ्यास चढे, आणि तेथें पुन्हां गाडी धरी. घाटापलीकडे दूरवर रूळ पडले होते. पण राहिलेल्या थोड्याशा वाटेंतच प्रवासाची सारी दगदग सांठली होती. १८६३ सालीं घाट खुला झाला, तेव्हां कोठें हा मार्ग अखंड झाला.

हवाई मार्गाचा आरंभही असाच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, आणि अहमदाबादेवरून त्याच दिवशीं दुपारीं जुहूस उतरले. पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीवरून मद्रासेस नेलें. अहमदाबादेस या विमानासाठीं इंधनाचे डबे आले ते बैलगाडींतून! सोलापूर जिल्ह्यांत या मार्गाचा थांबा नव्हता.

सोलापूरच्या विमानसेवेस पुढें अडथळा ठरली ती विमानतळालगतच्या सहकारी साखर कारखान्याची सुमारें ९० मीटर उंच चिमणी. एकीकडे शहराची निकड, दुसरीकडे ऊस-उत्पादकांचा कारखाना. वाद वर्षानुवर्षें चालला. १५ जून २०२३ रोजीं ती पाडण्यांत आली. जून २०२५ मध्यें गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं, म्हणजे टाटांच्या उड्डाणास ९३ वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, मुंबईची सेवा सुरू झाली. २०२३ सालीं सुरू झालेल्या वंदे भारत गाडीला जेथें सुमारें साडेसहा तास लागतात, तेथें विमानाला एक तास पुरतो.

आतां मंद्रूपचा विचार करावा. हें गांव सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीना आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यांत, शहरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. तेथील गृहस्थास विमान गाठण्यासाठीं सीना ओलांडून यावें लागतें, उड्डाणापूर्वीं बराच वेळ तिष्ठावें लागतें, आणि मुंबईस उतरल्यावर शहरांतील वाट निराळीच. त्याचा एक तास असा अर्ध्या दिवसावर जातो. सीनेस मोठा पूर आला, तर तो नदीकांठींच अडतो.

बोरघाटानें जें १८६० सालीं शिकविलें, तेंच येथेंही खरें आहे. दोन नगरांमधील वेग वाढला, तरी गांवापासून नगरापर्यंतची वाट बारमाही झाल्यावांचून त्या वेगाचा लाभ गांवाच्या पदरीं पडत नाहीं.